जुन्या खेळयंत्रांचे मॉनिटर आणि टीव्ही दुरुस्तीची परंपरा : इस्लामपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
यंत्राच्या शोधाचा इतिहास लिहिला जातो. दुरुस्तीचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ गेमचा मॉनिटर बिघडल्यास मदत कोणाकडे मागावी, या प्रश्नाचे उत्तर याच उपेक्षित इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१९७२ मध्ये अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘पाँग’ हा खेळ तयार केला. त्याच्या पहिल्या नमुन्यात बाजारातून आणलेला हिताची कंपनीचा कृष्णधवल टीव्ही संच बसविला होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे खेळयंत्रांसाठी स्वतंत्र मॉनिटर बनू लागले, तरी हे नाते तुटले नाही. अशा बहुसंख्य मॉनिटरवर सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेषा उमटतात, तर भारतीय टीव्हीवर १५,६२५. मुख्य फरक असा की, मॉनिटरला ट्यूनर नसतो. लाल, हिरवा व निळा हे संकेत त्याला थेट मिळतात.

दुरुस्तीचे ज्ञान :
पडद्यावर एकच आडवी रेष उरणे, चित्र आक्रसणे वा पडदा काळा पडणे, या बिघाडांचे मूळ बहुधा सुकलेले कॅपॅसिटर, सुटलेली झाळ किंवा निकामी एलओटी यांत सापडते. रंगीत चित्रनलिकेवर सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणून हे काम केवळ पुस्तक वाचून करण्याजोगे नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्या आजच्या तंत्रज्ञापेक्षा जुना टीव्ही मेकॅनिक येथे अधिक उपयोगी ठरतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘मेकॅनिक रेडिओ अँड टेलिव्हिजन’ हा अभ्यासक्रम आणि दुकानातील उमेदवारी यांतून त्याचा हात तयार झालेला असतो.

ऱ्हास :
तळोजा येथे भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये चित्रनलिकांच्या काचेचा कारखाना उभारला. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिका व्यवसाय विकत घेतला. परंतु सपाट पडद्यांपुढे हा उद्योग टिकला नाही. आता नलिका निकामी झाल्यास जुळणाऱ्या जुन्या टीव्हीतील नलिका काढून बसविणे, हाच प्रमुख मार्ग उरतो. भंगारात गेलेला प्रत्येक संच म्हणजे एक गमावलेला सुटा भाग होय.

निष्कर्ष :
वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या इस्लामपूरजवळ (२०२५ पासून ईश्वरपूर) साखराळे येथे १९८३ मध्ये राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची स्थापना झाली. अशा महाविद्यालयांनी परिसरातील ज्येष्ठ मेकॅनिकांच्या मुलाखती व प्रात्यक्षिके नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. संच जपता येतील. पण ते दुरुस्त करणारा हात एकदा थांबला की केवळ आराखड्यांवरून ते ज्ञान पुन्हा उभे करणे कठीण आहे.