दिवाडीवरचे दोन दिवस

शरदातल्या त्या शनिवार-रविवारी आम्हा उभयतांना इतिहास नकोच होता. हवी होती ती निवांत विश्रांती. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून धक्क्यावर उतरलो, फेरीबोटीत पाय ठेवला आणि थोड्याच वेळात मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर पोहोचलो. पाऊस ओसरला होता. खाजणातले भात पिवळे पडले होते, बांधांवर बगळे स्तब्ध उभे होते. भरती-ओहोटीच्या पाण्याला आवर घालणाऱ्या मानशी पाहताना समुद्राशी असा रोजचा करार करून जगणाऱ्या गावकऱ्यांचे कौतुक वाटले.

पण पियेदादच्या टेकडीवर चढलो आणि इतिहास समोर येऊन उभा राहिला. तेथील करुणामय मातेचे देखणे चर्च अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्याच्या रचनेचे श्रेय आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोमंतकीय धर्मगुरूला दिले जाते. परकीय सत्तेच्या काळात एका देशी माणसाने हे उभारले, याचा आम्हांला अभिमान वाटला. मात्र याच फ्रियशने ब्राह्मण ज्ञातीच्या थोरवीचा ग्रंथ १७०२ साली प्रसिद्ध केला होता. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात काही धुऊन निघाली नव्हती! (आजही कितपत निघाली आहे, हे आपल्या घरांतील सोयरिकी जुळवणाऱ्यांनाच विचारावे.)

चर्चजवळच्या दफनभूमीत एक छोटे चॅपेल आहे. त्यातील कोरीव दगडकाम कदंबकालीन. मेणबत्त्यांच्या काजळीआड ती नक्षी दिसली, तेव्हा आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर. त्याचे मंदिर याच बेटावर, नार्व्याला होते. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली ते पुन्हा पाडले गेले. पहिल्या विध्वंसाविषयी बोलताना आपली जीभ सैल सुटते, दुसऱ्याविषयी अडखळते. ते आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या श्रद्धेने आम्हांला घडविले, तिच्याच नावाने हे झाले.

भाविकांनी लिंग नदीपार डिचोली महालात नेले, तेथील गावाचे नावही नार्वेच. रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही दुसऱ्या फेरीने तिकडे गेलो. झाडीत लपलेले, घुमटाचे, बसके असे ते देऊळ. शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये त्याच्या जीर्णोद्धारास आरंभ केला, असे दारावरचा शिलालेख सांगतो. अलीकडे २०२३ साली त्याचे पुन्हा नूतनीकरण झाले. समोर दीपमाळ, गाभाऱ्यात लिंग.

पायऱ्यांवर बसलेल्या एका आजोबांनी विचारले, "खंयचे तुमी?"

"वसईचे. काल दिवाडीला उतरलो, आज सकाळी तिथेच मिस्सा ऐकला," आम्ही सांगितले.

"म्हणजे देवाच्या जुन्या घराकडसून आयल्यात," ते हसून म्हणाले आणि बसायला जागा करून दिली.

परतीच्या फेरीत ऊन कलले होते. पाण्यापलीकडे टेकडीवरचे पांढरे चर्च दिसत होते. सौभाग्यवतीने पिशवीतून देवळातला नारळाचा तुकडा काढला, अर्धा मोडून आमच्या हातावर ठेवला.