संशोधनकार्यातील संगणक-कार्यक्रम
संशोधनकार्यातील संगणक-कार्यक्रम : निरीक्षणांतून व प्रयोगांतून मिळालेल्या सामग्रीचे संस्करण, समीकरणांची उकल आणि नैसर्गिक घटनांचे संगणकावरील अनुकरण यांसाठी लिहिलेल्या आज्ञांचा क्रमबद्ध संच. अशा कार्यक्रमांना एकत्रितपणे ‘सॉफ्टवेअर’ ही संज्ञा रूढ आहे. दूरदर्शक वा सूक्ष्मदर्शक यांप्रमाणे कार्यक्रम हे संशोधनाचे उपकरण होय. तथापि त्यात संशोधकाची गृहीतके व गणनाची रीतही अंतर्भूत असल्यामुळे तो उपकरण आणि पद्धती अशा दोन्ही भूमिका बजावतो. विद्यापीठीय व्यवस्थेत मात्र श्रेय शोधनिबंधाला व त्याच्या लेखकांना मिळत आले. कार्यक्रम लिहिण्याचे काम दीर्घकाळ साहाय्यक स्वरूपाचे मानले गेले. ही विसंगती इलेक्ट्रॉनीय संगणकाच्या आरंभकाळापासूनच आढळते.

प्रारंभ : केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा संगणक कार्यान्वित झाला. तेथे एम्. व्ही. विल्क्स, डी. जे. व्हीलर व एस्. गिल यांनी वारंवार लागणाऱ्या गणनकृत्यांसाठी तयार केलेल्या उपकार्यक्रमांची माहिती १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे एकाने लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्याने वापरण्याची प्रथा पडली. याच संगणकावर क्ष-किरण विवर्तनाच्या मापनांची किचकट बेरीज करण्याची रीत जे. एम्. बेनेट व जे. सी. केंड्रू यांनी १९५२ मध्ये संयुक्त निबंधात मांडली. मायोग्लोबिन या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडताना केंड्रू यांना एडसॅकवरील गणनाचा मोठा उपयोग झाला. गोलाकार प्रथिनांच्या रचनेविषयीच्या अभ्यासाबद्दल त्यांना एम्. एफ्. पेरुट्स यांच्यासमवेत १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बेनेट हे संगणक विभागातील होते व त्यांचे नाव सहलेखक म्हणून निबंधावर आले; परंतु हा सार्वत्रिक नियम नव्हता.

फेर्मी-पास्ता-उलाम प्रश्न : अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेत १९५३ च्या सुमारास एन्रीको फेर्मी, जॉन पास्ता व स्टानिस्लाव्ह उलाम यांनी मॅनिॲक या संगणकावर एक प्रश्न तपासावयास घेतला. स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांच्या साखळीत बल व ताण यांचे प्रमाण किंचित ढळू दिले, तर सर्वांत मंद कंपनाला दिलेली ऊर्जा कालांतराने सर्व कंपनप्रकारांत सारखी वाटली जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ऊर्जा मोजक्याच कंपनप्रकारांत फिरली आणि काही काळाने बहुतांश मूळ कंपनाकडे परत आली. या अनपेक्षित निष्कर्षातून अरेषीय गतिकीच्या अभ्यासाला चालना मिळाली. त्याचा अर्थ लावताना एन्. जे. झाबुस्की व एम्. डी. क्रुस्कल यांनी १९६५ मध्ये ‘सॉलिटॉन’ ही संकल्पना मांडली.

या गणनेचा कार्यक्रम मेरी त्सिंगू यांनी लिहिला व चालविला. फेर्मी यांच्या निधनानंतर मे १९५५ मध्ये निघालेल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘काम करणारे’ म्हणून चौघांची, तर ‘अहवाल लिहिणारे’ म्हणून तिघांचीच नावे होती. त्सिंगू यांचे आभार तळटीपेत मानले होते. पुढील वाङ्मयात हा प्रश्न तिघांच्याच नावाने ओळखला गेला. त्सिंगू यांनी याच प्रश्नावरील दीर्घ मुदतीच्या गणनांचा निबंध जे. एल्. टक यांच्यासह १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि तो मेंझेल या विवाहोत्तर आडनावाने आल्याने दोन्ही व्यक्ती एकच आहेत, हे अनेकांच्या ध्यानात आले नाही. २००८ साली फ्रेंच भौतिकीविज्ञ तिएरी दोझ्वा यांनी या इतिहासाकडे लक्ष वेधले व त्यानंतर प्रश्नाच्या नावात ‘त्सिंगू’ जोडण्याचा प्रघात सुरू झाला. एडवर्ड लोरेन्ट्स यांच्या वातावरणीय गणितावरील १९६३ च्या प्रसिद्ध निबंधातही गणनाचे काम सांभाळणाऱ्या एलेन फेटर यांचा निर्देश आभारांतच आहे.

प्रसार : फोर्ट्रान ही कार्यक्रमणाची भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाल्यावर कार्यक्रम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे सुलभ झाले. सामाजिक शास्त्रांतील सांख्यिकीसाठी एसपीएसएस (१९६८) आणि पुंज रसायनशास्त्रासाठी गाउसियन (१९७०) हे कार्यक्रम-संच पुढे आले. गाउसियनचे प्रणेते जॉन पोपल यांना गणनपद्धतींच्या विकासाबद्दल १९९८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंगलांबी रेडिओ दूरदर्शकाच्या सामग्रीचे विश्लेषण करण्यासाठीही अमेरिकेतील राष्ट्रीय रेडिओ ज्योतिषशास्त्र वेधशाळेने तयार केलेला एआयपीएस हा संच वापरला गेला आहे.

कार्यक्रमातील दोषाचे परिणामही तितकेच दूरगामी असतात. पेशीपटलातील प्रथिनांच्या रचनांविषयीचे तीन निबंध सायन्स या नियतकालिकातून २००६ मध्ये मागे घेण्यात आले. प्रयोगशाळेत वापरलेल्या एका छोट्या कार्यक्रमात सामग्रीच्या दोन स्तंभांची अदलाबदल होऊन चिन्हे उलटली होती. निबंधासोबत कार्यक्रमही तपासणीस खुला असावा, या मागणीला अशा घटनांनी बळ मिळाले.

मान्यता : श्रेयाची गणना संदर्भनिर्देशांवर होत असल्याने कार्यक्रमकर्त्यांना निबंधाचाच आश्रय घ्यावा लागला. स्फटिकविज्ञानातील शेलएक्स हा कार्यक्रम १९७६ पासून प्रसारात होता. त्याचे कर्ते जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये त्याचा संक्षिप्त इतिहास लिहून वापरकर्त्यांना संदर्भासाठी एक निबंध उपलब्ध करून दिला. त्याचे निर्देश इतके झाले की, संबंधित नियतकालिकाचा प्रभावांक सुमारे २ वरून एकदम ५० च्या जवळ गेला. वापर पूर्वीपासूनच होता. मोजमाप मात्र निबंध निघाल्यावर झाले. २०१४ मध्ये नेचरने प्रसिद्ध केलेल्या, सर्वाधिक निर्देश झालेल्या १०० निबंधांच्या यादीतही जनुकक्रमांची तुलना करणाऱ्या क्लस्टल व ब्लास्ट या कार्यक्रमांचे निबंध पहिल्या पंधरांत होते.

पुढे थेट मान्यतेचे प्रयत्न झाले. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास ‘संशोधन सॉफ्टवेअर अभियंता’ हे पदनाम प्रचारात आले. कार्यक्रमाचा निर्देश निबंधाइतक्याच महत्त्वाने, कर्त्यांच्या नावांसह व वापरलेल्या आवृत्तीसह करावा, अशी तत्त्वे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. युनेस्कोने २०२१ साली स्वीकारलेल्या मुक्त विज्ञानविषयक शिफारशीत मुक्त सॉफ्टवेअरचा अंतर्भाव आहे. तथापि नेमणुका व बढत्या अद्याप मुख्यतः निबंधांच्या आधारे होतात. कार्यक्रम लिहून झाल्यावर त्यातील दोष काढणे, नव्या यंत्रांशी तो जुळवून घेणे आणि वापरकर्त्यांना मार्गदर्शन करणे ही कामे वर्षानुवर्षे चालतात. त्यांतून नवा निबंध क्वचितच निर्माण होतो. त्यामुळे ही कामे करणाऱ्यांना श्रेय व स्थैर्य देण्याचा प्रश्न बव्हंशी अनिर्णीत राहिला आहे.