रंगाचा कोड आणि गाडीची ओळख: निजामाच्या पिवळ्या मोटारीपासून डिकीतल्या स्टिकरपर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण जुने शिक्के आणि मोडी सह्या कशा वाचायच्या ते पाहिले. आजचा कागद वेगळा आहे. तो पत्र्याचा आहे, आणि त्याच्यावर रंग मारलेला आहे. खास ऑर्डर देऊन बनवलेल्या मोटारी, त्यांतही स्पोर्ट्स कार, यांचा मूळ रंग कोणता होता हे कारखान्याच्या कोडवरून कसे ओळखतात, हा आजचा विषय.

नांदेड-लातूरकडच्या लोकांनी हे का ऐकायचे, असे तुम्ही म्हणाल. आमच्याकडे त्याची दोन कारणे आहेत. एक कारण शंभर वर्षांपूर्वीचे आहे, दुसरे अगदी अलीकडचे. जुन्यापासून सुरुवात करू.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्या संस्थानाचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी १९११ मध्ये इंग्लंडात एका मोटारीची ऑर्डर गेली. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. आता बघा, त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण गाडी बनवत नसे. ती इंजिन आणि चॅसी द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीने दुसरा कारागीर बांधायचा. आपल्याकडे ट्रकची चॅसी घेऊन बॉडी वेगळीकडे बांधतात ना, अगदी तसेच. निजामाच्या गाडीची बॉडी लंडनच्या बार्कर या घोडागाड्या बांधणाऱ्या जुन्या पेढीने केली. मागे सिंहासनासारखे उंच आसन, म्हणून लोक तिला 'थ्रोन कार' म्हणतात. आणि रंग? झळझळीत पिवळा.

ऑगस्ट १९११ मध्ये महबूब अली खान वारले. त्यांना ही गाडी वापरायला मिळालीच नाही. ती त्यांचे पुत्र, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे.

पिवळाच का, याचे उत्तर एका आख्यायिकेत सापडते, आणि ती आख्यायिका आपल्या मराठवाड्यातली आहे. पहिले निजाम औरंगाबादचे सुफी संत हजरत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्याकडे गेले. संतांनी पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे पुढे केले. त्यांनी सात खाल्ले, आणि सात पिढ्या राज्य कराल असा आशीर्वाद मिळाला, असे सांगतात. आसफजाही झेंडा पिवळा आणि त्यावर कुलच्याचे गोल चिन्ह, याचा संबंध त्या गोष्टीशी जोडला जातो. गोष्ट खरी किती, हा वेगळा मुद्दा. पण दरबाराचा रंग पिवळा होता हे नक्की. म्हणजे ती मोटार नुसती छानछोकी नव्हती. तो रंग सत्तेची खूण होता. आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या झेंड्याखालचे १९४८ पर्यंतचे दिवस पाहिलेले असल्याने, एकच पिवळा हैदराबादच्या राजवाड्यात एक अर्थ सांगतो आणि उमरी-उदगीरकडे दुसरा.

आता मुद्द्यावर येऊ. त्या पिवळ्याला कोड होता का? नव्हता. त्या काळी रंग शब्दांत लिहिला जाई किंवा नमुन्याची फळी जपून ठेवली जाई. रंग म्हणजे तेल, व्हार्निश आणि रंगद्रव्य. कारागीर घोटून घोटून हात देणार, प्रत्येक हात वाळायला दिवस लागणार, पूर्ण काम आठवड्यांत मोजायचे. दोन गाड्या तंतोतंत सारख्या रंगाच्या असाव्यात अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. ज्याला राजाने एकच गाडी सांगितली, त्याला आकड्याची काय गरज?

आकड्याची गरज कारखान्याला पडली. फोर्डची मॉडेल टी पहिल्या वर्षांत लाल, हिरवी, निळी, करडी अशी मिळत असे. १९१४ ते १९२५ ती फक्त काळी मिळाली. कारण सौंदर्याचे नव्हते. असेंब्ली लाइनवरच्या कामाला काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ पडत होता. मग ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाडीला तो निळ्या छटेत वापरला. आठवड्यांचे काम तासांवर आले. त्यामुळे भराभर आणि रंगीबेरंगी गाड्या काढता येऊ लागल्या. पण मग दुसरी अडचण आली: जानेवारीत निघालेली निळी आणि जूनमध्ये निघालेली निळी एकसारखी कशी ठेवायची? आणि दरवाजा ठोकला गेला तर दुसऱ्या गावातल्या रंगाऱ्याला कोणता निळा ते कसे कळवायचे? 'आभाळी' म्हटले तर तुमचे आभाळ वेगळे, आमचे वेगळे. ज्येष्ठातले वेगळे, कार्तिकातले त्याहून वेगळे.

त्याचे उत्तर म्हणजे क्रमांक. जर्मनीत १९२७ मध्ये ४० रंगांचा 'राल' संच निघाला. इंग्रजांनी स्वतःचे प्रमाण केले. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे भारतीय मानक आयएस ५ आले. त्यात गोल्डन यलो म्हणजे ३५६, सिग्नल रेड ५३७ आणि पोस्ट ऑफिस रेड ५३८. म्हणजे पोस्टाच्या पेटीचा लाल आणि सिग्नलचा लाल हे सरकारी कागदावर दोन वेगळे लाल आहेत. सरकारी टेंडरमध्ये 'पिवळा रंग द्या' असे कोणी लिहीत नाही, क्रमांक लिहितात. भांडण मिटते.

स्पोर्ट्स कारमध्ये रंगाची गोष्ट आणखी जुनी. १९०० ते १९०५ मध्ये गॉर्डन बेनेट करंडकाच्या शर्यती झाल्या, त्यात देशांना रंग वाटून दिले. फ्रान्स निळा. ब्रिटनमध्ये रस्त्यावर शर्यतीला बंदी, म्हणून १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, आणि ब्रिटिश हिरवा तिथूनच रुळला असे मानतात. पुढे इटलीला लाल मिळाला. फेरारीचा 'रोसो कोर्सा' म्हणजे शर्यतीचा लाल तोच. त्याचा कारखान्यातला कोड ३२२.

पोर्शचे उदाहरण आम्हाला फार आवडते. तिचा एक प्रसिद्ध लाल आहे. इंग्रजीत त्याला 'गार्ड्स रेड' म्हणतात, म्हणजे राजवाड्यावरच्या पहारेकऱ्यांचा लाल. तोच रंग जर्मनीत 'इंडिशरोट' आहे, म्हणजे भारतीय लाल. पत्रा एकच, नावे दोन. लंडनच्या गिऱ्हाइकाला लंडन आठवते, श्टुटगार्टमधल्याला हिंदुस्थान. मग खरे काय? खरा तो कोड. सत्तर-ऐंशीच्या दशकात हा रंग ०२७ होता, नंतर त्याला ८०के असा कोड मिळाला. म्हणजे नावावर जसा विसंबायचा नाही, तसा नुसत्या आकड्यावरही नाही. गाडी कोणत्या सालची हे आधी पाहायचे.

खास ऑर्डरच्या गाडीत कोडची खरी परीक्षा होते. गिऱ्हाईक म्हणतो, मला कॅटलॉगमधला रंग नको, माझ्या नमुन्याप्रमाणे करा. पोर्श त्याला 'पेंट टू सॅम्पल' म्हणते. अशा गाडीच्या पाटीवर किंवा स्टिकरवर बऱ्याचदा नेमक्या छटेऐवजी 'हा विशेष रंग आहे' एवढेच सांगणारा आकडा असतो. ते कुलूप आहे, किल्ली नाही. किल्ली कंपनीच्या दप्तरात असते: चॅसी नंबर, ऑर्डरचा कागद, तयार झाल्याची नोंद. म्हणून अशा गाड्यांचे अभ्यासक आधी पत्र्याकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात. दुर्मिळ रंगाला जास्त किंमत मिळते, आणि जिथे किंमत जास्त तिथे साधी गाडी नव्या रंगात रंगवून 'कारखान्यातूनच अशी आली' म्हणणारेही असतात.

आता दुसरे कारण, अलीकडचे. संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. २००१ पासून तिथे ऑक्टेव्हिया निघू लागली, पुढे तिची जोरकस स्पोर्ट्स आवृत्ती आली, २००७ पासून ऑडीही तिथे जुळवली गेली. या गाड्यांच्या डिकीत स्टेपनीपाशी आणि सर्व्हिस बुकमध्ये एक कागदी स्टिकर असतो. त्यावर चॅसी नंबर, इंजिन व गिअरबॉक्सचे कोड, रंगाचा कोड, आतल्या सजावटीचा कोड, आणि खाली तीन-तीन अक्षर-अंकांची रांग. ती रांग म्हणजे गाडीला काय काय लावून बाहेर सोडले त्याची यादी. रंगाच्या जागी 'एलबी९ए' असेल तर कँडी व्हाइट, 'एलवाय३डी' असेल तर टॉर्नेडो रेड.

लातूरला आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने सोयाबीनचे पैसे आल्यावर अशीच एक जुनी गाडी ठरवली. काळीभोर, चकचकीत. इसार दिला आणि आम्हाला बघायला बोलावले. आरसीवर रंग काळा. डिकी उघडली, स्टिकरवर एलबी९ए. म्हणजे पांढरी! विकणारा म्हणाला, रंग बदलला असेल हो, त्यात काय. रंग बदलणे गुन्हा नाही, आरसीवर नोंद केली की झाले. पण मग आम्ही दाराचे रबर ओढून पाहिले, डॅशबोर्डखाली टॉर्च मारला, बॉनेटच्या बिजागरीपाशी पाहिले. सगळीकडे काळाच. पांढरा कुठेच नाही, फक्त डिकीच्या तळाला. मग स्टिकरवरचा चॅसी नंबर आरसीशी ताडला. जुळला नाही. मागचा भाग दुसऱ्याच गाडीचा होता. व्यवहार मोडला, इसार बुडाला, पण मुलाबाळांना घेऊन त्या गाडीतून कोणी नांदेडच्या रस्त्याला लागले नाही.

त्यावरून आम्ही एक क्रम पाळतो. आधी चॅसी नंबर, मग साल, मग रंगाचा कोड, मग न रंगवलेल्या कोपऱ्यांतला पत्रा, आणि शेवटी वरचा चकाकणारा रंग. बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

एका श्रोत्यांनी मघाशी चिठ्ठी पाठवली: कोड दिला तरी मिक्सिंगवाल्याकडून रंग का जुळत नाही? चांगला प्रश्न आहे. कोड सांगतो गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग. तुमची गाडी मात्र आपल्याकडच्या उन्हात दहा उन्हाळे उभी राहिली आहे. शिवाय एकाच कोडच्या मिश्रणाच्या थोड्या वेगळ्या छटा नोंदलेल्या असतात. मेटॅलिकमध्ये तर फवारा जवळून मारला की लांबून, यावरही छटा बदलते. म्हणून जाणता पेंटर आधी एका कार्डावर रंग मारून, वाळवून, उन्हात गाडीला लावून बघतो. कोडने वाट कळते, पण शेवटची जुळणी माणसाच्या डोळ्यानेच करावी लागते.

आणि तिथेच आपण परत त्या पिवळ्या मोटारीपाशी येतो. तिला कोड नव्हता, पण तो पिवळा का, कुणासाठी, हे आज आपण सांगू शकलो. उलट आजच्या गाडीचा कोड आपल्याला ग्रॅमपर्यंत मिश्रण देतो, पण ती कुणी मागवली, कुणी रंगवली, दोन गाड्या जोडून एक कुणी केली, हे सांगत नाही. इतिहास दोन्हीकडून वाचावा लागतो. आकडा खोटे बोलत नाही, पण तो स्टिकर कुठून आला ते आपणच विचारायचे असते.

पुढच्या वेळी एमएच २६ आणि एमएच २४ या पाट्यांपर्यंत आपल्या भागातल्या वाहनांचे क्रमांक कसे बदलत आले ते पाहू. घरी जुने आरसी बुक असेल तर घेऊन या.