श्रीखंडे आलेख आणि हाड्विगरचे अनुमान

प्रा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांचे नाव निघाले की, ऑयलरने १७८२ साली मांडलेल्या लॅटिन चौरसांविषयीच्या अनुमानाचे बोस व पार्कर यांच्यासह १९५९ मध्ये त्यांनी केलेले खंडन आठवते. नागपूर येथे अध्यापन केलेल्या या गणितज्ञाच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका शोधाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

कळंबसारख्या गावी अंगणात काढतात तशी चार ओळींत चार चार अशी सोळा ठिपक्यांची रांगोळी कल्पावी. प्रत्येक ठिपका आडव्या, उभ्या व एकाच दिशेच्या तिरप्या शेजाऱ्यांशी जोडावा. समोरासमोरच्या कडा परस्परांस लागून आहेत असे समजावे. हाच श्रीखंडे आलेख. येथे प्रत्येक ठिपक्यास सहा शेजारी असून कोणत्याही दोन ठिपक्यांस नेमके दोनच शेजारी समाईक असतात. सोळा घरांच्या पटावरील हत्तीच्या चालींचा आलेखही असाच. पण त्यात परस्परांशी जोडलेले चार बिंदू सापडतात, श्रीखंडे आलेखात तीनच. संख्या समान, रचना भिन्न!

ह्यूगो हाड्विगर याने १९४३ साली असे अनुमान मांडले की, ज्या आलेखास किमान क रंग लागतात, त्याच्या जोडलेल्या बिंदूंचे संकोचन करून व अनावश्यक भाग वगळून क बिंदूंचा पूर्ण आलेख मिळतोच. श्रीखंडे आलेखास चार रंग लागतात. मग परस्परसंलग्न चार बिंदू नसताना अनुमानाची वाट काय?

पहिली संपूर्ण ओळ एक बिंदू माना, दुसरी दुसरा. उरलेल्या दोन ओळींतील उभ्या चार जोड्यांपैकी लगतच्या दोन एकत्र करा. तीन गट होतात. हे तिन्ही एकमेकांस व त्या दोन्ही ओळींस भिडतात. अर्थात पाच बिंदूंचा पूर्ण आलेख हाती आला. चारांची अपेक्षा असता पाच मिळाले.

क पाच असता हे अनुमान चतुर्वर्ण प्रमेयाशी तुल्य ठरते, हे वाग्नरच्या १९३७ च्या सिद्धांतावरून निघते. ते प्रमेय १९७६ मध्ये सिद्ध झाले. सहाची सिद्धता रॉबर्टसन, सेमूर व थॉमस यांनी १९९३ मध्ये दिली. त्यापुढील प्रश्न अनिर्णितच आहे. बिंदूंची जवळीक मोजून आलेखाचे सामर्थ्य कळत नाही, त्याची घडण तपासावी लागते, हा बोध मात्र या सोळा ठिपक्यांतूनही मिळतो.