मुखवटे उतरल्यानंतरचे 'जेनेसिस'

मुख्य गायक निघून गेला की रॉक बँड संपतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९७५ मध्ये पीटर गॅब्रिएल बाहेर पडले, तेव्हा 'जेनेसिस' या ब्रिटिश बँडपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर 'सेकंड्स आउट' या ऑक्टोबर १९७७ मध्ये प्रकाशित झालेल्या लाइव्ह अल्बमने दिले. प्रोग्रेसिव्ह रॉकची ओळख नव्याने करून घेऊ इच्छिणाऱ्या रसिकांनी सुरुवात येथून करावी.

पार्श्वभूमी

१९६७ मध्ये इंग्लंडमधील चार्टरहाउस शाळेतील विद्यार्थ्यांनी हा बँड स्थापन केला. कोल्ह्याचे डोके, फुलाचा मुखवटा, म्हाताऱ्याचा चेहरा अशी सोंगे घेऊन गाणारे गॅब्रिएल ही त्याची ओळख बनली. ते गेल्यावर नव्या गायकाचा शोध सुरू झाला आणि अखेर ड्रमवादक फिल कॉलिन्स यांच्याकडेच गायन आले. कॉलिन्स यांनी मुखवटे चढवले नाहीत. त्यामुळे गाणी केवळ रचनेच्या बळावर उभी राहू शकतात काय, याची कसोटी लागली.

दोन तबकड्या, बारा गाणी

अल्बमचा बहुतांश भाग जून १९७७ मध्ये पॅरिसच्या 'पॅले दे स्पोर' येथे ध्वनिमुद्रित झाला. कॉलिन्स गात असताना ड्रमची बाजू चेस्टर थॉम्पसन सांभाळतात. वाद्यसंगीताच्या भागात कॉलिन्सही ड्रमवर परततात आणि दोघांचे एकत्र वादन ऐकायला मिळते. 'द सिनेमा शो' हे गाणे मात्र १९७६ च्या दौऱ्यातले असून त्यात बिल ब्रुफर्ड यांची साथ आहे. त्याचा उत्तरार्ध सात मात्रांच्या आवर्तनावर चालतो. रूपक तालाची सवय असलेल्या कानांना ही मोजणी परकी वाटणार नाही.

'फर्थ ऑफ फिफ्थ'च्या १९७३ मधील मूळ ध्वनिमुद्रणाच्या आरंभी असलेला पियानो येथे गाळला आहे. स्टीव्ह हॅकेट यांचे दीर्घ गिटारवादन मात्र पूर्ण डौलात येते. अल्बमचे शिखर म्हणजे सुमारे २४ मिनिटांचे 'सपर्स रेडी'. मूळ १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट' अल्बममधील ही सात भागांची रचना गॅब्रिएल यांच्या वेषांतरांशी घट्ट जोडलेली होती. येथे वेष नाही, तरीही टोनी बँक्स यांचे कीबोर्ड आणि माइक रदरफर्ड यांचे बास गिटार तिला शेवटापर्यंत तोलून धरतात.

काय ऐकावे?

१९७३ चा 'जेनेसिस लाइव्ह' शेजारी ठेवावा. 'द म्युझिकल बॉक्स' तेथे गॅब्रिएल यांच्या आवाजात संपूर्ण आहे. येथे कॉलिन्स यांच्या आवाजात केवळ अंतिम भाग. एकात नाट्य अधिक, दुसऱ्यात वाद्यमेळाची सफाई.

पुढे काय झाले?

'सेकंड्स आउट' हा मुष्टियुद्धातील पुकारा. फेरी सुरू होण्यापूर्वी साहाय्यकांनी रिंगणाबाहेर जावे, असा त्याचा अर्थ. अल्बमचे ध्वनिमिश्रण सुरू असतानाच हॅकेट यांनीही बँड सोडला. उरलेल्या तिघांनी पुढे अधिक सुटसुटीत गाण्यांची वाट धरली आणि अफाट लोकप्रियता मिळवली. हॅकेट यांनी २०२१ च्या दौऱ्यात हा संपूर्ण अल्बम पुन्हा सादर केला. २६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये 'जेनेसिस'ची अखेरची मैफल झाली, तेव्हा गॅब्रिएल प्रेक्षकांत उपस्थित होते.