आज्ञावली लिहिणारास गणित कशाला?

गेल्या आषाढींत बीडजवळच्या नारायणगडास जाणें झालें. भाविक त्यास धाकटी पंढरी म्हणतात. दर्शनाच्या रांगेंत एक जुना विद्यार्थी भेटला. बरोबर धाकटा भाऊ. त्यास सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हावयाचें आहे. "सर, यानें गणित आणि पदार्थविज्ञान घोकून उपयोग काय? संगणकास नुसत्या आज्ञाच द्यावयाच्या ना?" असें थोरल्यानें विचारिलें. घरची शेती कोरडवाहू, शिकवणीची फी डोईजड. प्रश्न फुकाचा नव्हता. रांगेंतलें माझें उत्तर मलाच अपुरें वाटलें, म्हणून हें लिहीत आहें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा भारतांतच रचलेला संगणक चालू झाला. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृति अवघी २०४८ शब्दांची! त्याच्या रचनेचे धुरीण आर. नरसिंहन हे गणिताचे पीएच. डी. अशा यंत्रापाशीं बसणारास चूक आज्ञेंत आहे कीं नळींत, हेंहि पाहावें लागे. आज यंत्र आणि लिहिणारा यांच्यामध्यें इतके थर चढले आहेत कीं, दुकानाच्या हिशेबाची आज्ञावली लिहिणारास विजेचा एकहि नियम ठाऊक नसला तरी त्याचें अडत नाहीं. पदार्थविज्ञानाची बाजू येथें लंगडी पडते, हें आम्हां मास्तरांनीं मोकळेपणें मान्य करावें.

गणिताचें तसें नाहीं. मर्यादित साधनांतून अधिकांत अधिक लाभ कसा साधावा, हा विमान कंपन्यांपासून कारखान्यांपर्यंत सर्वांचा प्रश्न. १९४७ सालीं डँट्झिग यांनीं काढलेली रीति बहुपैलू आकृतीच्या कडेकडेनें, कोपऱ्यावरून कोपऱ्यावर चालत जाते. व्यवहारांत ती उत्तम चाले. परंतु क्ली आणि मिंटी यांनीं १९७२ सालीं अशीं उदाहरणें दाखविलीं कीं, तीस सर्वच कोपरे फिरून यावें लागे. १९७९ सालीं खाचियान यांनीं पावलांच्या संख्येची हमी देणारी रीति काढली, पण ती चाले गोगलगायीसारखी. १९८४ सालीं नरेंद्र करमरकर यांनीं आकृतीच्या पोटांतूनच वाट काढली, आणि प्रत्येक पावलास प्रक्षेपभूमितीच्या साह्यानें आकृतीचें रूप असें पालटलें कीं, आपण पुन्हां मध्यभागींच उभे! हे गृहस्थ पदवीनें मुंबईच्या आयआयटीचे विजेचे इंजिनिअर, आणि नोकरी अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत. नुसतें वेगवान यंत्र विकत घेऊन हें साधलें नसतें. १९८८ सालीं त्या रीतीस अमेरिकेंत पेटंटहि मिळालें. गणिताचें पेटंट कसलें, म्हणून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं.

प्रत्येक आज्ञावलीकार करमरकर होत नाहीं, हें खरें. तरी थोरल्यास मीं कळविलें आहे कीं, फीचे पैसे एकाच विषयापुरते असतील तर ते गणितास द्यावे. पदार्थविज्ञान प्रवेशपरीक्षेपुरतें लागेलच, तें रविवारीं माझ्याकडे येऊन शिकावें.