सिएनाचे चित्रित दप्तर

इटलीच्या नगरांतून चित्रे व शिल्पे पाहत सावकाश हिंडणारा प्रवासी सिएनात पोहोचला, की काळ्या-पांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांच्या महामंदिरापुढे खिळून राहतो, हे स्वाभाविकच; परंतु त्या गणराज्याचा खरा स्वभाव जाणून घ्यावयाचा, तर पिक्कोलोमिनी प्रासादातील सरकारी दप्तरखाना पाहिला पाहिजे. बिक्केर्ना हा सिएनाचा खजिना. त्याचे कारभारी दर सहा महिन्यांनी बदलत, आणि मुदतीतील जमाखर्चाच्या वहीस चित्रित लाकडी फळीचे वेष्टन चढवून तीवर आपापली कुलचिन्हे रंगवून घेत. हिशेबनीसांची ही हौस कलेच्या पथ्यावरच पडली. उपलब्ध फळ्यांतील सर्वांत जुनी 1258 ची: तीवर खजिनदार डॉन ऊगो, सान गाल्गानो मठातील भिक्षू, वही घेऊन बसला आहे. 1344 ची जकातखात्याची फळी तर आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीच्या हातची मानतात. नगरसभागृहाच्या भिंतीवर त्याने पूर्वी भव्य आकारात चितारलेली सिंहासनस्थ, श्मश्रुधारी राज्यसत्ता येथे वहीच्या पुठ्ठ्यात सामावली आहे. पुढे फळ्या वहीपासून सुटून कचेरीच्या भिंतीवर गेल्या, आणि त्यांचे विषयही पालटले. 1467 च्या फळीवर भूकंपाने भयभीत झालेले नगरजन तटाबाहेर झोपड्या उभारून राहिले आहेत, आणि वर मेरीमाता नगराचे रक्षण करीत आहे.